मोजणीआधीची मांडणी

धडगाव-मोलगीच्या वरच्या अंगाला नवा टॉवर उभा राहिला की ‘टॉवर आला’ ही बातमी पाड्यापाड्यांत फिरते. ‘रेंज आली’ ही बातमी त्यानंतर येते, कधी महिन्याने, कधी पावसाळा उलटल्यावर. माझं काम या दोन बातम्यांच्या मधलं. मी रेडिओ सिग्नल मोजते. सिग्नल ॲनालायझर, दोन-तीन अँटेना, केबलची पिशवी, ॲटेन्युएटर आणि कनेक्टरचा डबा गाडीत टाकायचा, देवगोई किंवा चांदसैलीचा घाट चढायचा आणि साइटवर पोचून बघायचं, की टॉवरमधून जे निघायला हवं तेच निघतंय का, आणि जिथे पोचायला हवं तिथे ते पोचतंय का. मग ते आकड्यांत लिहून द्यायचं. मी तळोद्याची. घाटाखाली वाढलेली असल्यामुळे घाटावरच्या माणसांचे हाल लहानपणापासून ऐकलेले. त्या आकड्यांचं मोल मला जरा जास्त वाटतं ते त्यामुळेच.

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. सहा तालुक्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुवा यांचा बहुतेक भाग सातपुड्यात. इथलं गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं नव्हेत. एका महसुली गावाचे पाच-सात पाडे, प्रत्येक पाडा वेगळ्या टेकाडावर किंवा वेगळ्या नाल्याच्या काठी, मध्ये अर्ध्या तासाची चाल. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, त्यात नंदुरबार आहे. अशा जिल्ह्यांमधल्या 7,287 गावांना 4जी देण्याचा निर्णय नोव्हेंबर 2021 मध्ये झाला, त्यात पाच राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यातलं एक. जुलै 2022 मध्ये देशभरातल्या आणखी 24,680 गावांसाठी योजना मंजूर झाली. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं होतं. आधार आलं, मग रेशनच्या दुकानात अंगठा आला, आणि अंगठ्याच्या यंत्राला नेटवर्क लागतं. धान्य दुकानात पडून आहे आणि यंत्र मात्र रेंजसाठी टेकडीवर न्यावं लागतंय, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मोजणीच्या कागदावर एखाद्या गावापुढे ‘कव्हरेज आहे’ असं लिहिताना हात सैल सोडून चालत नाही.

मोजणीत घोटाळा होतो तो बहुतेक वेळा यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, ते लावलं कसं यामुळे. आणि याचं मूळ सिग्नलच्या रुंदीत आहे.

आकाशवाणीचं एफएम स्टेशन साधारण 200 किलोहर्ट्झ जागा घेतं. 2जीची एक वाहिनीही 200 किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असायची. ॲनालायझरच्या पडद्यावर ती एखाद्या सुळक्यासारखी उभी दिसायची. टोकावर मार्कर लावला, आकडा वाचला, काम झालं. शिवाय 2जीच्या लहरीची उंची बोलणं चालू असताना जवळपास सारखीच राहते, त्यामुळे सर्वोच्च शक्ती आणि सरासरी शक्ती यांत फरक करण्याची गरजच पडत नसे. 4जीमध्ये हे दोन्ही आधार सुटतात. 10 मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये 600 उपवाहक असतात, एकमेकांपासून 15 किलोहर्ट्झवर, आणि ते मिळून सुमारे 9 मेगाहर्ट्झ व्यापतात. 20 मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये 1,200. प्रत्येक उपवाहक स्वतःची माहिती घेऊन स्वतःच्या तालात डोलतो. सगळ्यांची बेरीज पडद्यावर दिसते ती सपाट माथ्याचा, सतत थरथरणारा उंचवटा म्हणून. नवख्या डोळ्याला तो गोंगाटच वाटतो, आणि गणिताच्या दृष्टीनेही तो गोंगाटाच्या फार जवळचा आहे.

नंदुरबारला हिवाळ्यात पथारीवर मिरची वाळत घातलेली ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं पटकन समजेल. गाडीतून उतरलेला मिरचीचा ढीग पुरुषभर उंच दिसतो. तोच पथारीवर पसरला की घोट्याइतकीही उंची राहत नाही, पण वजन तेवढंच असतं. रुंद सिग्नलच्या माथ्यावर मार्कर ठेवून शक्ती सांगणं म्हणजे पथारीवरच्या मिरचीची उंची मोजून वजन सांगणं.

ॲनालायझर पूर्ण सिग्नल एकदम बघत नाही. आपण ठरवून दिलेल्या रुंदीच्या फिल्टरमधून तो थोडा थोडा भाग बघत पुढे सरकतो. या रुंदीला आम्ही आरबीडब्ल्यू म्हणतो, सरकण्याला स्वीप. आरबीडब्ल्यू 30 किलोहर्ट्झ ठेवला, तर पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला फक्त 30 किलोहर्ट्झमधली शक्ती दिसते. 9 मेगाहर्ट्झचे असे 300 तुकडे होतात. म्हणजे रेघ खऱ्या शक्तीच्या तीनशेव्या भागावर बसलेली असते, सुमारे 25 डीबी खाली. आरबीडब्ल्यू 10 किलोहर्ट्झ केला की रेघ आणखी 5 डीबी खाली जाते आणि टॉवरवर काहीच बदललेलं नसतं. म्हणून रुंद सिग्नलसाठी मार्कर बाजूला ठेवून ‘चॅनल पॉवर’ची मोजणी घ्यायची. मधली वारंवारता आणि रुंदी नेमकी सांगायची, यंत्र त्या पट्ट्यातला प्रत्येक बिंदू जोडून बेरीज देतं. स्पॅन, म्हणजे पडद्यावर दिसणारा पट्टा, कॅरिअरच्या दुप्पट तरी ठेवावा, कारण सिग्नलच्या दोन्ही बाजूंची जमीन दिसली नाही तर सिग्नल कुठे संपतो हेच कळत नाही.

बेरीज करतानाही यंत्राने कशाची बेरीज करावी हे आपणच सांगायचं असतं. इथे डिटेक्टरची निवड येते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त चुकीचे आकडे याच एका खान्यातून बाहेर पडतात. पीक डिटेक्टर प्रत्येक बिंदूपाशी सापडलेलं सर्वांत उंच टोक धरून ठेवतो. 4जीसारख्या सिग्नलवर तो आठ-दहा डीबी जास्त सांगू शकतो, म्हणजे आहे त्याच्या सहा ते दहापट. उलट, डेसिबलच्या आकड्यांची सरासरी काढणारी जुनी पद्धत वापरली तर गोंगाटासारख्या सिग्नलवर 2.5 डीबी कमी येतात. अडीच डीबी ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात जवळपास निम्मी शक्ती हरवते. आरएमएस डिटेक्टर, खऱ्या शक्तीची सरासरी, आणि स्वीप मुद्दाम संथ. रुंद डिजिटल सिग्नलला हेच लागतं. स्वीप जितका संथ, तितकी सरासरी स्थिर. घाईत स्वीप वेगात ठेवणाऱ्याला दर वेळी वेगळा आकडा मिळतो आणि तो टॉवरला दोष देतो.

2300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणखी एक गाठ असते. तिथे टॉवर आणि फोन एकाच वारंवारतेवर पाळीपाळीने बोलतात. दहा मिलिसेकंदांच्या चौकटीत काही वेळ टॉवरचा, काही फोनचा. सरकत जाणारा स्वीप मध्येच शांततेत सापडला की पडद्यावर कंगव्यासारखे दाते दिसतात. तिथे ट्रिगर लावून फक्त टॉवरच्या पाळीतच मोजायला यंत्राला बजावावं लागतं.

आता प्रत्यक्ष साइटवरचं. रेडिओच्या एका पोर्टमधून 40 वॅट निघतात, म्हणजे 46 डीबीएम. ॲनालायझरच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरात मर्यादा लिहिलेली असते, 30 डीबीएम, म्हणजे एक वॅट. सरळ जोडलं तर लाखोंचं यंत्र डोळ्यांदेखत जातं. मध्ये 30 डीबीचा पॉवर ॲटेन्युएटर येतो. तो हजारातला एक भाग पुढे सोडतो आणि बाकीचं उष्णता करून टाकतो. म्हणून त्याला काळ्या ॲल्युमिनियमची पाती असतात, आणि पाच मिनिटांत ती पाती हात लावू देत नाहीत. पुढे निघतात 16 डीबीएम, पण ही झाली सरासरी. 4जीच्या सिग्नलची टोकं क्वचित, अगदी क्षणभर, सरासरीच्या दहा डीबी वर जातात. सहाशे उपवाहकांचा ताल एखाद्या क्षणी जुळतो तेव्हा असं होतं. त्या क्षणाचा हिशेब 26 डीबीएमचा. मर्यादा अजून चार डीबी लांब आहे, पण तेवढ्यात फार मोकळीक नाही.

कनेक्टर घट्ट करताना बाहेरची रिंग फिरवायची, केबल नाही. केबल फिरली की आतली पिन घासते. घासलेली पिन पुढच्या साइटवर अर्धा डीबी खाते, त्याच्या पुढच्या साइटवर एक. केबलचा आणि ॲटेन्युएटरचा एकूण ऱ्हास मी निघण्याआधी मोजून ठेवते आणि यंत्रात ‘ऑफसेट’ म्हणून भरते, आणि तो आकडा वहीत त्या दिवसाच्या तारखेसमोर असतो. हिवाळ्यात डाबच्या बाजूला पहाटे दव गोठतं. अशा थंडीत गाडीतून काढलेलं यंत्र लगेच खरं बोलत नाही. त्याला अर्धा तास चालू ठेवायचं, आतलं तापमान स्थिरावू द्यायचं, त्याचं स्वतःचं अलाइनमेंट करून घ्यायचं, आणि मगच पहिला आकडा लिहायचा. टॉवरवर चढणारा रिगर खाली शेकोटीपाशी हात शेकत विचारतो, “ताई, अजून नाही झालं?” नाही झालं, भाऊ.

पुढची गोष्ट मला या कामात सगळ्यांत आवडते. रेडिओ शेजारच्या वाहिनीत किती सांडतोय हे बघायचं असतं. नियम असा, की शेजारच्या वाहिनीतली गळती मुख्य सिग्नलपेक्षा किमान 45 डीबी खाली हवी. ॲम्प्लिफायरने टोकं छाटली की उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना खांदे फुटतात. पण ॲनालायझरच्या आतही एक मिक्सर आहे, आणि त्याच्यावर जास्त शक्ती पडली की तोही टोकं छाटतो, त्याचेही खांदे फुटतात. ते रेडिओचे म्हणून नोंदले जातात आणि चांगलं युनिट उतरवून परत पाठवलं जातं. आतला ॲटेन्युएटर वाढवला की यंत्राचे खांदे जातात, पण मग यंत्राचा स्वतःचा गोंगाट वर येतो आणि खरी गळती त्यात बुडते. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद जागा असते, ती शोधायची. कसोटी साधी आहे. ॲटेन्युएटर दहा डीबी वाढवून बघायचं. पडद्यावरचा खांदा जागच्या जागी राहिला तर तो रेडिओचा. तो खाली गेला तर यंत्राचा, आणि वर आला तर गोंगाट. मी ही कसोटी प्रत्येक साइटवर करते, घाई असली तरी करते.

टॉवरखालची मोजणी निम्मंच काम. उरलेलं निम्मं गावात.

एका आश्रमशाळेच्या ओट्यावर एक गुरुजी स्वतःचा फोन घेऊन आले. त्यावरच्या ॲपमध्ये उणे 98 डीबीएम दिसत होतं, माझ्या ॲनालायझरवर त्याच जागी उणे 71. ते म्हणाले, “मॅडम, यातला खरा कुठला? कागदावर तुमचा जाणार आणि मुलांना मिळणार माझा.” प्रश्न रास्त होता. मी त्यांना तिथेच वहीत मांडून दाखवलं. फोन मोजतो ते एका उपवाहकावरच्या संदर्भ सिग्नलची सरासरी. मी मोजते ती सहाशेंची बेरीज. सहाशे म्हणजे सुमारे 28 डीबी. सगळे उपवाहक भरलेले असते तर माझा आकडा उणे 70 यायला हवा होता. तो थोडा कमी होता, कारण दुपारी सेल पूर्ण भरलेला नव्हता, आणि अशा वेळी टॉवर काही उपवाहक मोकळे सोडतो. संदर्भ सिग्नल मात्र चालूच राहतात. म्हणजे माझी बेरीज गर्दीप्रमाणे हलते, त्यांचा आकडा हलत नाही. दोन्ही खरे, पण कव्हरेज ठरवायला त्यांचाच योग्य. तेव्हापासून गावातल्या नोंदीत मी ॲनालायझर डिकोडिंगच्या मोडमध्ये घेऊन संदर्भ सिग्नलचाच आकडा लिहिते, सोबत सेलची ओळखसंख्याही. नर्मदेच्या काठाला तर ती फारच गरजेची. बॅकवॉटरच्या पलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश आहेत, पाण्यावरून सिग्नल लांबवर सरकतो, आणि काठावरच्या फोनला दिसणाऱ्या काड्या पुष्कळदा परराज्यातल्या टॉवरच्या असतात. नुसत्या शक्तीची बेरीज केली तर आपलं गाव झाकलं गेल्याचं दिसतं.

टॉवरच्या किरणांची भीती असते, त्याबद्दल विचारणाऱ्यांना मी कधीच उडवून लावत नाही. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश केली आहे. 900 मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट. शाळेच्या भिंतीपाशी सगळ्या पट्ट्यांची बेरीज करून, सहा मिनिटांची सरासरी घेऊन दाखवली की पालकांशी नीट बोलता येतं. तिथे पीक डिटेक्टर लावून मोठा आकडा दाखवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

आता अक्राणी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावची हकीकत. टॉवर लागून काही महिने झाले होते. खालचे लोक सांगत, “ताई, काड्या पूर्ण येतात, पण काही लागत नाही. फोन लावला तर लागत नाही, अंगठा लावला तर यंत्र फिरत राहतं.” टॉवरखालची मोजणी स्वच्छ होती. शक्ती बरोबर, गळती मर्यादेत, डिकोडिंगमध्ये ठिपके रेखीव. गावातले आकडेही उत्तम. काड्या खऱ्याच होत्या. पण काड्या फक्त एक बाजू सांगतात, टॉवर फोनला किती ऐकू येतो ही. फोन टॉवरला ऐकू येतो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवरकडे 40 वॅट आहेत, फोनकडे जास्तीत जास्त 200 मिलिवॅट. टॉवरचा कान जरा जरी बधिर झाला की फोनचं बोलणं वाऱ्यावर जातं.

कंपनीच्या नियंत्रण कक्षातून अपलिंकचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या बाजूचा, गोंगाट विचारला. 180 किलोहर्ट्झच्या एका तुकड्यात निसर्गाचाच गोंगाट उणे 121 डीबीएमच्या आसपास असतो, त्यात रिसीव्हरचा आपला दोन-तीन डीबी. म्हणजे उणे 118 च्या जवळ काहीतरी दिसायला हवं. 2100 च्या पट्ट्यात उणे 97 दिसत होतं. वीस डीबींनी वर, शंभरपट. 700 च्या पट्ट्यात मात्र सगळं ठीक. कुणीतरी फोनच्याच वारंवारतेवर, रुंद पसरून, अखंड ओरडत होतं.

हा शोध ॲनालायझरच्या मांडणीची खरी परीक्षा असतो. ऐकायचं आहे अगदी क्षीण काहीतरी, आणि डोक्यावर उभा आहे 40 वॅटचा टॉवर. आतला ॲटेन्युएटर शून्यावर आणि प्रीॲम्प चालू केल्याशिवाय क्षीण सिग्नल दिसत नाही. आणि प्रीॲम्प चालू केला की टॉवरच्याच 2110 पासून पुढच्या सिग्नलने तो गुदमरतो आणि नसलेले उंचवटे दाखवायला लागतो. म्हणून अँटेना आणि यंत्र यांच्यामध्ये फक्त 1920 ते 1980 मेगाहर्ट्झ सोडणारा फिल्टर लावला. हातात लॉग-पीरियॉडिक अँटेना, माशाच्या काट्यासारखी, जिकडे तोंड तिकडचं ऐकणारी. दोन ट्रेस ठेवले, एकावर सर्वोच्च धरून ठेवणारा, दुसऱ्यावर सरासरी. पहिल्यावर फोनच्या क्षणिक उसळ्या उमटत राहिल्या. दुसऱ्यावर त्या विरून गेल्या आणि खाली उरला एक रुंद, गोलसर फुगवटा, हलत नसलेला. ॲटेन्युएटर दहा डीबी वाढवला. गोंगाटाची जमीन वर आली, फुगवटा जागेवर राहिला. म्हणजे तो यंत्राचा नव्हता, बाहेरचाच होता.

दुपारी उन्हं चढली तसा फुगवटा हळूहळू खालच्या वारंवारतेकडे सरकला. संध्याकाळी गार झाल्यावर परत आला. उन्हात तापणाऱ्या कशावर तरी तो बसलेला होता, पत्र्यावर किंवा उघड्या गच्चीवर. तीन वेगवेगळ्या जागी उभी राहून दिशा घेतल्या. डोंगराळ भागात सिग्नल कड्यावर आपटून परत येतो, त्यामुळे रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. त्या बाजारपेठेच्या एका टोकाला, दहा-बारा घरांच्या पट्ट्यात मिळत होत्या. मी तिथेच अँटेना धरून उभी असताना वीज गेली. टॉवर बॅटरीवर चालू राहिला, पण पडद्यावरचा फुगवटा खाली बसला, सपाट, जणू नव्हताच. आजूबाजूचे लोक वीज गेली म्हणून वैतागले होते आणि मी मात्र ट्रेसकडे बघत राहिले. वीज परत आली आणि काही सेकंदांत फुगवटाही आला. ओरडणारं यंत्र विजेवर चालणारं आहे, बॅकअप नसलेलं आहे, आणि या पट्ट्यातल्या एका छतावर आहे, एवढं त्या मिनिटाने सांगितलं.

ते निघालं एका किराणा दुकानाच्या पत्र्यावर. ऑनलाइन मागवलेला मोबाइल बूस्टर. टॉवर येण्याआधी दूरच्या टॉवरचा सिग्नल ओढून घेण्यासाठी बसवलेला. बाहेरची अँटेना आणि आतली अँटेना जवळ आल्या की असा बूस्टर स्वतःचाच आवाज स्वतः ऐकून वाढवत राहतो, सभेतला माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो तो प्रकार. परवान्याशिवाय असं यंत्र बसवणं गुन्हा आहे, 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून ते 2023 च्या दूरसंचार कायद्यापर्यंत. पण विकणारे उघड विकतात आणि घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशगंगांचं ऐकतात, आणि तिथल्या अभियंत्यांनाही माणसांच्या यंत्रांतून निघणारा गोंगाट शोधत राहावं लागतं. आमचं काम त्यांच्यापुढे लहान, पण जातकुळी एक.

दुकानदाराशी मी कायद्याची भाषा बोलले नाही. त्यांना पडदा दाखवला. म्हटलं, काका, स्विच तुम्हीच बंद करा आणि याच्याकडे बघा. त्यांनी बटण दाबलं, रेघ वीस डीबी खाली आली. पुन्हा चालू केलं, वर गेली. फोनवर नियंत्रण कक्षातला सहकारी आकडे वाचत होता, उणे 97, उणे 117, उणे 97, उणे 117. काकांनी बूस्टर उतरवला. संध्याकाळी बाजारात लोकांचे फोन लागायला लागले. पण काकांचं दुकान एका कातळाच्या आडोशाला आहे. ते म्हणाले, “ताई, गावाचं भलं झालं. माझ्या दुकानात मात्र आता एक काडी येते.” त्यांनी तो बूस्टर हौसेने लावलेला नव्हता.

म्हणून अहवाल तिथे संपवला नाही. दुकानाच्या गल्ल्यापाशी, आश्रमशाळेच्या वर्गात, उपकेंद्राच्या खाटेपाशी संदर्भ सिग्नल मोजला. उघड्यावर नाही, छपराखाली, दार लावून. कव्हरेजची मोजणी रस्त्यावर गाडीतून करण्याची पद्धत आहे, आणि डोंगरात मला ती अजिबात पटत नाही. रस्ता माथ्यावरून जातो, माणसं खाली राहतात. त्या टॉवरचा झोत बराच सरळ लावलेला होता. सपाट मुलखात तो लांब जातो, पण इथे तो पाड्यांच्या डोक्यावरून समोरच्या डोंगरावर आपटत होता. झोत काही अंश खाली वाकवावा आणि एक दिशा कातळाच्या बाजूला थोडी फिरवावी, अशी शिफारस आकड्यांसकट दिली. ती झाली. नंतरच्या मोजणीत दुकानात उणे 112 च्या जागी उणे 101 आलं. पैसे घेण्याचं यंत्र तिथे आता चालतं.

अहवालाच्या नमुन्यात प्रत्येक आकड्याशेजारी मी आरबीडब्ल्यू, डिटेक्टर, स्वीपचा वेळ, ॲटेन्युएटर, ऑफसेट, अँटेना आणि जागा हे सगळे रकाने ठेवले आहेत. सोबतचे काही जण म्हणतात, एवढं कोण वाचतं. पुढच्या वर्षी त्याच जागी मोजायला येणारी व्यक्ती वाचेल. तिला माझ्याच मांडणीने मोजता आलं तरच सिग्नल वाढला की घटला हे कळेल. नमुन्यात ‘गाव’ असा एकच रकाना होता, तिथे आता ‘पाडा’ हा दुसरा आहे. त्या बाजाराच्या गावाचे दोन पाडे कड्याच्या मागच्या दरीत आहेत. झोत कितीही वाकवला तरी तिथे उणे 125 च्या वर काही येत नाही, फोन टॉवरला धरतच नाही. मुख्य गावापुढे ‘आहे’ लिहिलं आहे, या दोन पाड्यांपुढे ‘नाही’. दरीच्या तोंडाशी एक छोटा रिपीटर, परवाना असलेला आणि कंपनीने स्वतः बसवलेला, पुरेल असं माझं गणित आहे. ते गणित, जागेचे अक्षांश-रेखांश आणि दोन्ही पाड्यांतल्या घरांची संख्या मी अहवालाला जोडून दिली आहे, आणि पावसाळ्याआधी तिथे परत मोजायला जाणार आहे.